दस्तयेवस्कीचे चरित्र आणि सहवाचनाचे सूत्र

१. चरित्राकडे पाहण्याची दृष्टी

फ्योदोर मिखायलोविच दस्तयेवस्कीची चरित्रे बहुधा तीन गोष्टींभोवती उभी राहतात : वधस्थानावर अखेरच्या क्षणी मिळालेले जीवदान, अपस्माराचा आजार आणि जुगाराचे व्यसन. त्याच्या कादंबऱ्यांतील पात्रांच्या टोकाच्या मनोवस्थांचे मूळ या तिहींत शोधण्याची प्रथाही जुनी आहे. ती सर्वस्वी चुकीची म्हणता येणार नाही. परंतु तिच्यामुळे दस्तयेवस्की हा स्वतःच्या यातनांत बुडालेला एकाकी लेखक ठरतो आणि त्याच्या कादंबऱ्याही एकट्या वाचकाने एकांतात सोसावयाच्या अनुभवासारख्या भासू लागतात.

प्रस्तुत लेखात याच चरित्राची मांडणी वेगळ्या सूत्राने करावयाची आहे. दस्तयेवस्कीच्या आयुष्यातील निर्णायक प्रसंग एकापुढे एक मांडले, की त्यांत एक साम्य दिसते. प्रसंगाच्या मध्यभागी एखादे पुस्तक वा हस्तलिखित असते, कोणीतरी ते मोठ्याने वाचत असते आणि दुसरे कोणी ऐकत असते. त्याचे बालपण अशा वाचनात गेले, त्याला कीर्ती अशा वाचनातून मिळाली, देहदंडाची शिक्षाही अशाच एका वाचनाबद्दल झाली आणि मृत्युशय्येवरचा त्याचा अखेरचा दिवसही एका वाचनाने व्यापलेला होता. वाचन हे त्याच्या लेखी इतरांच्या साक्षीने घडणारे आणि परिणाम भोगावयास लावणारे कृत्य होते. त्याच्या प्रमुख कादंबऱ्याही महिन्यामहिन्याने, थांबत थांबत, इतरांशी वाद घालत वाचणाऱ्या वाचकांसाठी लिहिल्या गेल्या. या वस्तुस्थितीचा त्यांच्या आशयाशी काय संबंध आहे, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. (लेखातील तारखा त्या काळच्या रशियन पंचांगानुसार आहेत. एकोणिसाव्या शतकात ते पंचांग आजच्या पंचांगाच्या १२ दिवस मागे होते.)

२. घरातील वाचन

दस्तयेवस्कीचा जन्म ३० ऑक्टोबर १८२१ रोजी मॉस्को येथे, गरिबांसाठी चालविल्या जाणाऱ्या मारीन्स्की रुग्णालयाच्या आवारात झाला. वडील तेथे डॉक्टर होते. घरातील शिस्त कडक होती आणि मुलांना बाहेर मिसळण्याची मोकळीक फारशी नव्हती. संध्याकाळी मात्र दिवाणखान्यात सर्व कुटुंब एकत्र बसे आणि आईवडील आळीपाळीने मोठ्याने वाचन करीत. धाकटा भाऊ आंद्रेय याने लिहून ठेवलेल्या आठवणींत या वाचनाचा तपशील आढळतो. करमझीनचा रशियन राज्याचा इतिहास हा त्यातील मुख्य ग्रंथ होता आणि त्याच्या जोडीला देर्झाविन व झुकोव्हस्की यांच्या कविता असत. स्वतःला अक्षरओळख होण्यापूर्वीच हिवाळ्याच्या लांब रात्री आईवडिलांच्या तोंडून ॲन रॅडक्लिफच्या भयप्रधान कादंबऱ्या आपण श्वास रोखून ऐकल्याचे दस्तयेवस्कीनेही पुढे नमूद केले आहे. साहित्याशी त्याचा पहिला संबंध असा डोळ्यांऐवजी कानांनी आला.

मुळाक्षरे आईने शिकविली, ती जुन्या व नव्या करारातील १०४ कथांच्या एका सचित्र पुस्तकावरून. जवळजवळ अर्धशतकानंतर 'करामाझोव्ह बंधू' या कादंबरीतील झोसिमा हा वृद्ध संन्यासी आपल्या बालपणाविषयी बोलू लागतो, तेव्हा तो याच पुस्तकाचा उल्लेख करतो. कादंबरीतील धर्मपुरुषाच्या तोंडी लेखकाने स्वतःच्या घरातील पुस्तक घातले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१८३७ हे वर्ष या घराला दुहेरी शोकाचे गेले. आई फेब्रुवारीत वारली आणि थोड्या दिवसांनी पुश्किनच्या द्वंद्वयुद्धातील मृत्यूची वार्ता घरात पोहोचली. थोरला मिखाईल व फ्योदोर या दोघा भावांना पुश्किनच्या कविता मुखोद्गत होत्या. आईच्या सुतकाची काळी वस्त्रे अंगावर नसती, तर पुश्किनसाठी ती घालण्याची परवानगी वडिलांकडे मागितली असती, असे फ्योदोर तेव्हा म्हणत असे, अशी आठवण आंद्रेयने दिली आहे. त्याच वर्षी दोघे भाऊ पीटर्सबर्गला गेले आणि १८३८ च्या आरंभी फ्योदोर लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात दाखल झाला. वडील १८३९ मध्ये मृत्यू पावले. त्यांच्या मृत्यूचे कारण आजही वादग्रस्त आहे.

३. पहाटेचे वाचक

अभियांत्रिकीचे शिक्षण १८४३ मध्ये पुरे झाले आणि पुढच्याच वर्षी त्याने नोकरीचा राजीनामा दिला. दरम्यान त्याने बाल्झॅकच्या 'युजेनी ग्रांदे' या कादंबरीचे रशियन भाषांतर केले होते. पहिली स्वतंत्र कादंबरी 'गरीब माणसे' १८४५ च्या मे महिन्यात पूर्ण झाली. तिचे पहिले वाचन घरातच झाले. एकाच बिऱ्हाडात राहणाऱ्या ग्रिगोरोविच या तरुण लेखकमित्राला त्याने ती सलग वाचून दाखविली. ग्रिगोरोविच हस्तलिखित घेऊन कवी नेक्रासोव्हकडे गेला. दहा पाने पाहू म्हणून दोघे वाचावयास बसले आणि एक थकला की दुसरा, असे आळीपाळीने मोठ्याने वाचत रात्र सरली. पीटर्सबर्गमधील उन्हाळ्याच्या त्या उजळ रात्रीच्या अखेरीस, पहाटे चारच्या सुमारास, दोघेही लेखकाला उठवून मिठी मारावयास त्याच्या घरी पोहोचले. पुढे हस्तलिखित त्या काळचा सर्वश्रेष्ठ समीक्षक बेलिन्स्की याच्याकडे गेले आणि त्याच्या मान्यतेमुळे चोविशीतला हा लेखक छापून येण्याआधीच प्रसिद्ध झाला. कादंबरी १८४६ च्या आरंभी नेक्रासोव्हने संपादित केलेल्या 'पीटर्सबर्ग संग्रहा'त प्रकाशित झाली.

हा प्रसंग साहित्येतिहासात वारंवार सांगितला जातो. परंतु ज्या कादंबरीचे असे वाचन झाले, तिचा विषयही वाचनच होता, याकडे सहसा लक्ष वेधले जात नाही. माकार द्येवुश्किन हा वयस्क, गरीब कारकून आणि समोरच्या घरात राहणारी वार्वारा यांच्या पत्रव्यवहारातून ही कादंबरी उलगडते. दोघे एकमेकांना पुस्तके पाठवितात. पुश्किनची टपालठाण्याच्या अधिकाऱ्याची कथा वाचून द्येवुश्किन गहिवरतो. आपलेच दुःख कोणीतरी ओळखले, असे त्याला वाटते. गोगोलचा 'ओव्हरकोट' वाचल्यावर मात्र तो संतापतो. आपल्या ठिगळांवर कोणीतरी चोरून नजर ठेवली आणि ती उघड्यावर मांडली, अशी त्याची भावना होते. सामान्य माणूस साहित्य वाचताना स्वतःचा मान व अपमान पणाला लावून वाचतो, ही जाणीव दस्तयेवस्कीच्या पहिल्याच कृतीत अशी स्पष्ट आहे. पुस्तकाविषयीचा द्येवुश्किनचा राग आणि प्रेम वार्वाराला लिहिलेल्या पत्रांतच आकार घेतात. ऐकणारे माणूस नसते, तर ते त्याला स्वतःलाही कळले नसते.

४. वाचनाचा गुन्हा

पहिल्या यशानंतरच्या कृतींचे स्वागत थंडपणे झाले आणि बेलिन्स्कीच्या वर्तुळाशी दस्तयेवस्कीचे संबंध दुरावले. १८४७ पासून तो पेत्राशेव्हस्की याच्या घरी शुक्रवारी भरणाऱ्या बैठकांना जाऊ लागला. तेथे फ्रेंच समाजवादी विचारवंतांची, रशियात बंदी असलेली पुस्तके उपलब्ध होती. भूदासप्रथा, न्यायव्यवस्था आणि मुद्रणस्वातंत्र्य यांवर चर्चा होत असे. १८४८ च्या युरोपीय क्रांत्यांनंतर झार निकोलस पहिला याच्या राजवटीला अशा बैठकांची धास्ती वाटू लागली होती.

गोगोलने १८४७ मध्ये मित्रांशी झालेल्या पत्रव्यवहारातील निवडक उतारे प्रकाशित करून प्रस्थापित राजसत्ता, चर्च व भूदासप्रथा यांची पाठराखण केली होती. आजारी बेलिन्स्कीने त्याच वर्षी परदेशातून त्याला एक जळजळीत पत्र लिहिले. ते रशियात छापणे अशक्य होते आणि म्हणून त्याच्या हस्तलिखित प्रती हातोहात फिरत. अशी एक प्रत दस्तयेवस्कीच्या हाती आली आणि १५ एप्रिल १८४९ रोजी पेत्राशेव्हस्कीच्या घरी त्याने ती सर्वांसमोर वाचून दाखविली. श्रोत्यांमध्ये अंतोनेल्ली हा सरकारी हेर बसलेला होता. २३ एप्रिलच्या पहाटे दस्तयेवस्कीला अटक झाली.

पीटर व पॉलच्या किल्ल्यातील आठ महिन्यांच्या कैदेनंतर जो निकाल लागला, त्यात बेलिन्स्कीचे पत्र वाचून दाखविणे आणि त्याच्या प्रसाराची माहिती अधिकाऱ्यांना न देणे, हा त्याच्यावरील प्रमुख आरोप होता. स्पेश्नेव्हच्या गटाने आखलेल्या गुप्त छापखान्याच्या योजनेतही त्याचा सहभाग होता, परंतु तो भाग चौकशीत उघडकीस आला नाही. कायद्याच्या दृष्टीने त्याला मृत्युदंड मिळाला तो मुख्यतः एक पत्र मित्रांना मोठ्याने वाचून दाखविल्याबद्दल. २२ डिसेंबर १८४९ रोजी सेम्योनोव्हस्की चौकात कैद्यांना शिक्षा वाचून दाखविण्यात आली. पहिल्या तिघांना खांबांना बांधण्यात आले. दस्तयेवस्की दुसऱ्या तिघांत होता. बंदुका रोखल्यावर झारच्या दयेचा हुकूम वाचण्यात आला. हे सारे आधीच ठरविलेले नाटक होते. प्रत्यक्ष शिक्षा ४ वर्षे सक्तमजुरी आणि त्यानंतर साध्या शिपायाची सेवा अशी होती.

या प्रसंगाचा एक तपशील साहित्यदृष्ट्या महत्त्वाचा आहे. आपण बेलिन्स्की व गोगोल या दोघांचीही पत्रे वाचली आणि कोणाचीही बाजू न घेता एक वाङ्मयीन दस्तऐवज म्हणून वाचली, असा बचाव दस्तयेवस्कीने जबानीत केला होता. जीव वाचविण्यासाठी केलेला बचाव म्हणून त्याकडे सावधपणेच पाहिले पाहिजे. त्या संध्याकाळी श्रोते पत्राने भारावले होते, हेही खरे. तरीही आपल्याला पूर्णपणे मान्य असो वा नसो, दुसऱ्याचा विचार त्याच्या संपूर्ण बळानिशी स्वतःच्या आवाजात उच्चारणे ही गोष्ट त्याने केली होती आणि तिची किंमतही त्याला मोजावी लागली होती. बाख्तिनने १९२९ मध्ये आणि पुढे १९६३ च्या सुधारित आवृत्तीत ज्या बहुस्वरतेची मांडणी केली, तिचा उगम बाख्तिनने कादंबरीच्या रचनातत्त्वात व साहित्यप्रकाराच्या दीर्घ परंपरेत शोधला. तिचे एक छोटे मूळ मोठ्याने वाचणाऱ्या माणसाच्या या अनुभवातही असावे, असे अनुमान येथे करावेसे वाटते.

५. एकच पुस्तक

शिक्षा भोगावयास जाताना जानेवारी १८५० मध्ये तोबोल्स्क येथे कैद्यांचा मुक्काम पडला. १८२५ च्या डिसेंबर उठावातील कैद्यांच्या पत्नींनी तेथे त्यांची भेट घेऊन प्रत्येकाला नव्या कराराची एक प्रत दिली. तिच्या बांधणीत १० रूबलची नोट लपविलेली होती. ओम्स्कच्या तुरुंगात जवळ बाळगण्याची परवानगी याच एका पुस्तकाला होती. ज्याने शेकडो पुस्तके झपाट्याने वाचली होती, त्याच्या वाट्याला ४ वर्षे एकच पुस्तक आले. ते त्याने पुन्हा पुन्हा वाचले. मार्जिनांत खुणा केलेली ही प्रत मॉस्को येथील रशियन राज्य ग्रंथालयात जतन केलेली आहे.

तुरुंगातील अनुभवावर आधारित 'मृतांच्या घरातील टिपणे' या कृतीत याच पुस्तकाचा एक हृद्य प्रसंग आहे. दागेस्तानचा अलेय हा तरुण मुस्लिम कैदी निवेदकाकडून रशियन वाचन शिकतो. शिकविण्यास हाताशी दुसरे पुस्तक नसते. दोघे मिळून येशूचे पर्वतावरील प्रवचन वाचतात आणि अलेय त्यातील क्षमेच्या शिकवणीपाशी थांबतो. भिन्न धर्मांची दोन माणसे एका पुस्तकावर डोके टेकून बसली आहेत, हे त्या अंधाऱ्या कृतीतील सर्वांत उजळ दृश्य आहे.

१८५४ मध्ये सक्तमजुरी संपताच त्याने भाऊ मिखाईल याला लिहिलेल्या पत्रात पुस्तकांची मोठी यादी पाठविली. कुराण, कान्टचा शुद्ध बुद्धीची चिकित्सा करणारा ग्रंथ आणि हेगेल यांची मागणी तीत होती. सेमिपलातिन्स्क येथे शिपाई म्हणून काही वर्षे काढल्यावर डिसेंबर १८५९ मध्ये तो पीटर्सबर्गला परतला.

६. हप्त्याहप्त्याने येणारी कादंबरी

परतल्यावर दस्तयेवस्कीने मिखाईलच्या सहकार्याने 'व्रेम्या' हे मासिक १८६१ मध्ये सुरू केले. पोलंडच्या प्रश्नावरील एका लेखामुळे सरकारने ते १८६३ मध्ये बंद पाडले. त्यानंतरचे 'एपोखा' १८६५ मध्ये बंद पडले. मधल्या १८६४ या एका वर्षात पहिली पत्नी मारिया आणि भाऊ मिखाईल या दोघांचाही मृत्यू झाला. भावाचे कुटुंब आणि मासिकाचे कर्ज असा दुहेरी भार त्याच्यावर आला.

या कर्जाच्या ओझ्याखाली 'अपराध आणि शिक्षा' ही कादंबरी कात्कोव्हच्या 'रूस्की व्येस्तनिक' या मासिकातून १८६६ च्या जानेवारी ते डिसेंबर या काळात क्रमशः प्रकाशित झाली. रशियन जाड मासिकांची ही प्रथा लक्षात घेतली पाहिजे. कविता, शास्त्रीय लेख, राजकीय टिपण आणि कादंबरीचा हप्ता एकाच अंकात येत असे. अंक कुटुंबात मोठ्याने वाचला जाई आणि गावोगावी हातोहात फिरे. त्याच वर्षी याच मासिकात टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती' या कादंबरीचा आरंभीचा भाग 'सन १८०५' या नावाने येत होता. एखाद्या तालुक्याच्या गावातील शिक्षक १८६६ च्या वसंतात एकाच अंकातून रास्कोल्निकोव्ह आणि राजपुत्र आंद्रेय या दोघांचेही पुढे काय होते याची वाट पाहत होता. आणखी एक योगायोग असा, की पहिला हप्ता वाचकांच्या हाती येण्याच्या सुमारास मॉस्कोत दानिलोव्ह नावाच्या विद्यार्थ्याने एका सावकाराचा व त्याच्या मोलकरणीचा खून केल्याची वार्ता पसरली. कादंबरी आणि वर्तमानपत्र यांतील सीमारेषा वाचकांच्या डोळ्यांदेखत पुसट झाली. त्या वर्षी वाचकवर्गात याच एका कादंबरीची चर्चा होती आणि काही जणांना तर तिच्या ताणामुळे वाचन मध्येच थांबवावे लागे, असे समीक्षक स्त्राखोव्ह याने पुढे आठवणींत लिहिले आहे.

या कादंबरीच्या चौथ्या भागातील चौथे प्रकरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने केंद्रवर्ती आहे. खुनी रास्कोल्निकोव्ह, देहविक्रय करावा लागणाऱ्या सोन्याच्या खोलीत जातो आणि योहानाच्या शुभवर्तमानातील लाझरसच्या पुनरुत्थानाची कथा वाचून दाखवावयास तिला भाग पाडतो. सोन्याचा आवाज आधी अडखळतो, मग स्थिरावतो. हळूहळू तो कथेशी एकरूप होतो. मिणमिणत्या मेणबत्तीच्या प्रकाशात वाचणारी आणि ऐकणारा या दोघांचेही भवितव्य त्या वाचनावर अवलंबून आहे, हे वाचकाला कळते. ते पुस्तक रास्कोल्निकोव्हने ठार मारलेल्या लिझावेताने सोन्याला दिलेले असते. पुढे सैबेरियात ते त्याच्या उशाखाली असते. लेखकाच्या उशाखालचे तोबोल्स्कचे पुस्तक येथे आठवल्यावाचून राहत नाही. कात्कोव्ह व त्याच्या सहकाऱ्यांनी हे प्रकरण नीतीच्या दृष्टीने आक्षेपार्ह ठरविले आणि दस्तयेवस्कीला ते पुन्हा लिहावे लागले. 'पछाडलेले' या कादंबरीतील तिखोनच्या भेटीचे प्रकरण तर कात्कोव्हने छापलेच नाही. ते १९२२ मध्ये उजेडात आले. मासिकाच्या वाचनव्यवहारात संपादक हा पहिला सहवाचक होता, आणि त्याच्या हाती कात्री होती.

१८६६ च्या ऑक्टोबरात आणखी एक सहवाचक त्याच्या आयुष्यात आली. स्तेलोव्हस्की या प्रकाशकाशी केलेल्या करारानुसार १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी न दिल्यास पुढील ९ वर्षांच्या लेखनाचे हक्क जाणार होते. अ‍ॅना ग्रिगोर्येव्हना स्नित्किना या २० वर्षांच्या लघुलेखिकेच्या साहाय्याने त्याने २६ दिवसांत 'जुगारी' पूर्ण केली. फेब्रुवारी १८६७ मध्ये त्यांचा विवाह झाला. रात्री टिपणे करावयाची आणि दिवसा त्यांवरून अ‍ॅनाला मजकूर सांगावयाचा, ही पद्धत पुढे आयुष्यभर टिकली. त्याच्या उत्तरकालीन कादंबऱ्यांतील वाक्ये आधी एका श्रोत्याच्या कानी पडली आणि मग कागदावर उतरली. या वाक्यांतील बोलीचा वेग, मध्येच थांबणे आणि स्वतःलाच अडविणे यांचा विचार करताना ही गोष्ट दुर्लक्षिता येत नाही.

७. वाचकांशी चाललेला संवाद

सुमारे ४ वर्षे सावकारांच्या भयाने परदेशात काढून हे दांपत्य १८७१ मध्ये मायदेशी परतले. तेथे असतानाच त्यांची पहिली मुलगी सोन्या १८६८ मध्ये तीन महिन्यांची होऊन दगावली होती आणि 'इडियट'चे हप्ते त्या शोकातच लिहिले गेले होते. १८७६ व १८७७ या वर्षांत दस्तयेवस्कीने 'लेखकाची दैनंदिनी' हे एकट्याने लिहिलेले मासिक चालविले. वाचकांची पत्रे येत, तो त्यांना उत्तरे देई आणि पुढच्या अंकात त्यांचा परामर्श घेई.

या संवादाचा परिणाम एका प्रकरणात थेट न्यायालयात दिसला. कोर्निलोवा या गरोदर स्त्रीने मे १८७६ मध्ये आपल्या ६ वर्षांच्या सावत्र मुलीला चौथ्या मजल्यावरून खाली टाकले. मूल वाचले, परंतु स्त्रीला शिक्षा झाली. गरोदरपणातील मनोविकाराची शक्यता विचारात घेतली गेली नाही, असे दस्तयेवस्कीने दैनंदिनीत मांडले आणि तो तिला तुरुंगात जाऊन भेटला. निकाल रद्द होऊन खटला पुन्हा चालला आणि एप्रिल १८७७ मध्ये ती निर्दोष सुटली. याच दैनंदिनीतील ज्यूंविषयीचे व युद्धाविषयीचे लेखन आज पूर्वग्रहदूषित वाटते, आणि ते तसे आहेच. वाचकांशी जवळीक साधणारा लेखक नेहमीच न्याय्य बोलतो असे नाही, हेही या चरित्रातून शिकावयाचे आहे.

८. 'करामाझोव्ह बंधू' : मध्यंतराचा अर्थ

मे १८७८ मध्ये तिसरे वर्षही पुरे न झालेला मुलगा अल्योशा अपस्माराच्या झटक्याने वारला. पुढच्या महिन्यात दस्तयेवस्की तरुण तत्त्वज्ञ व्लादिमीर सोलोव्योव्ह याच्यासह ओप्तिना येथील मठात गेला आणि तेथील वृद्ध साधू अम्ब्रोसी याला भेटला. या शोकाच्या व भेटीच्या खुणा त्याच्या अखेरच्या कादंबरीत स्पष्ट आहेत. 'करामाझोव्ह बंधू' ही कादंबरी 'रूस्की व्येस्तनिक'मधून जानेवारी १८७९ ते नोव्हेंबर १८८० या काळात प्रकाशित झाली. ती एका वर्षात संपविण्याचे आश्वासन पाळता न आल्याबद्दल त्याला मासिकातून वाचकांकडे दिलगिरी व्यक्त करावी लागली.

तिच्या पाचव्या खंडात इव्हान हा भाऊ अल्योशाला खानावळीत बसवून निरपराध बालकांच्या यातनांचे दाखले देतो आणि अशा किमतीवर उभ्या असलेल्या विश्वसंवादाचे तिकीट परत करतो. त्यानंतर तो 'महान धर्मन्यायाधीश' हे स्वतः रचलेले, परंतु कागदावर न उतरविलेले काव्य त्याला ऐकवितो. अल्योशा हाच आपला पहिला वाचक होणार असल्याचे तो आरंभीच सांगतो. येथेही एक सांगणारा आहे आणि एक ऐकणारा. हा खंड १८७९ च्या मे व जून महिन्यांच्या अंकांत आला. इव्हानच्या आक्षेपांना उत्तर म्हणून योजलेला झोसिमाविषयीचा सहावा खंड ऑगस्टच्या अंकात आला. जुलैच्या अंकात कादंबरी नव्हती.

आजच्या ग्रंथरूप प्रतीत या दोन खंडांमध्ये केवळ एका पानाचे अंतर आहे. १८७९ च्या वाचकांना तेथे सुमारे दोन महिने थांबावे लागले. या काळात इव्हानचा प्रश्न अनुत्तरित होता आणि त्याला उत्तर आहे की नाही, हे वाचकांना ठाऊक नव्हते. प्रश्न पाहुण्यांच्या बैठकीत, पत्रांतून आणि घरोघरच्या वादांतून फिरत राहिला. धर्मखात्याशी निकटचा संबंध असलेला पोब्येदोनोस्त्सेव्हही इतक्या प्रबळ आक्षेपाला उत्तर कोठून येणार, याविषयी साशंक होता. त्याला लिहिलेल्या पत्रात दस्तयेवस्कीने सहावा खंड हेच उत्तर असल्याचे सांगितले, परंतु ते मुद्देसूद खंडन नसून एका जीवनाचे कलात्मक चित्र आहे आणि ते पुरेसे ठरेल की नाही याची आपल्यालाच धास्ती वाटते, असेही कळविले. आक्षेप आणि उत्तर यांची पातळी भिन्न आहे, हे सहाव्या खंडाविषयी समीक्षकांनी वारंवार म्हटले आहे. मध्यंतरात प्रश्न पुरेसा मुरलेल्या वाचकाला ही भिन्नता अधिक तीव्रतेने जाणवली असणार.

वाचक नुसते वाट पाहत नव्हते, ते लेखकाला विचारीतही होते. म्हाताऱ्या करामाझोव्हचा खून कोणी केला, अशी विचारणा एका वाचक स्त्रीने पत्राने केली, तेव्हा कादंबरी अपुरी असतानाच त्याने खुनी स्मेर्द्याकोव्ह असल्याचे तिला नोव्हेंबर १८७९ मध्ये कळविले. वाचकाला कथानकाच्या उत्सुकतेपेक्षा इव्हानच्या अपराधाचे स्वरूप कळावे, हा त्याचा आग्रह त्या उत्तरात दिसतो. खुनी कोण, हे गुपित राखण्यात त्याला फारसा रस नव्हता. ३० डिसेंबर १८७९ रोजी त्याने पीटर्सबर्ग विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या साहाय्यार्थ भरलेल्या सभेत 'महान धर्मन्यायाधीश' हे प्रकरण स्वतः वाचून दाखविले. ३० वर्षांपूर्वी ज्या शहरात एका वाचनाबद्दल त्याला वधस्थानावर उभे केले होते, त्याच शहरात तरुण श्रोत्यांपुढे तो सत्तेच्या व स्वातंत्र्याच्या प्रश्नावरील स्वतःचे पृष्ठ मोठ्याने वाचत होता. ८ जून १८८० रोजी मॉस्कोत पुश्किनच्या पुतळ्याच्या समारंभात झालेले त्याचे भाषण हाही पुश्किन सर्वांनी मिळून वाचण्याचाच एक प्रकार होता.

९. समारोप

जानेवारी १८८१ च्या अखेरीस दस्तयेवस्कीला रक्तस्राव सुरू झाला. २८ तारखेच्या सकाळी त्याने तोबोल्स्कची ती प्रत मागवून घेतली, सहज उघडली आणि अ‍ॅनाला वाचावयास सांगितले. मत्तयच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय निघाला. योहान येशूला अडवू पाहतो, त्या जागेतील शब्दांत त्याने आपल्या मृत्यूचा संकेत ओळखला. त्याच्या अखेरच्या दुखण्यात मुलांना जवळ बोलावून उधळ्या पुत्राचा दृष्टांत वाचून दाखविण्यात आला आणि ती प्रत मुलगा फ्योदोर याच्याकडे देण्यात आली. त्याच दिवशी संध्याकाळी तो मृत्यू पावला. अलेक्झांडर नेव्हस्की मठाच्या दफनभूमीकडे निघालेल्या अंत्ययात्रेला लोटलेल्या जनसमुदायात विद्यार्थ्यांची संख्या मोठी होती. ज्याला तो आयुष्यात कधीच भेटला नाही, तो टॉलस्टॉय १९१० च्या ऑक्टोबरात घर सोडून निघाला, तेव्हा मागे राहिलेल्या पुस्तकांपैकी जी त्याने मुलीकडे मागविली, त्यांत तो नुकताच वाचत असलेल्या 'करामाझोव्ह बंधू'चा दुसरा भाग होता.

या विवेचनातून दोन मर्यादित निष्कर्ष काढता येतात. पहिला असा, की दस्तयेवस्कीच्या कादंबऱ्यांत वाचनाची दृश्ये ज्या निर्णायक जागी येतात, त्यामागे त्याच्या चरित्रातील सहवाचनाचा अखंड अनुभव उभा आहे. द्येवुश्किन, अलेय, सोन्या आणि इव्हान यांना पुस्तक वा काव्य दुसऱ्याच्या समोर उच्चारल्याशिवाय स्वतःशी खरे बोलता येत नाही. दुसरा निष्कर्ष वाचनपद्धतीविषयी आहे. हप्त्यांमधील अंतर सर्वस्वी लेखकाने योजलेले नव्हते. आजारपण, पैशांची निकड आणि संपादकाचा दबाव यांचा त्यात वाटा होता, आणि म्हणून त्या काळाला अवाजवी गौरव देण्याचे कारण नाही. तरीही ते अंतर वाचनानुभवाचा भाग होते, हे नाकारता येत नाही. क्रमशः कादंबरी मराठी अभ्यासकाला अपरिचित नाही. हरी नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक'मधून १८९० पासून अशीच वाचकांपर्यंत पोहोचली होती.

पदव्युत्तर वर्गात 'करामाझोव्ह बंधू' अनुवादातून शिकविताना ती बहुधा कथानकाचा सारांश आणि चार-सहा प्रश्नोत्तरे एवढ्यावर आटोपते. त्याऐवजी पाचवा खंड वर्गात मोठ्याने वाचून तेथे काही आठवडे थांबणे आणि इव्हानचा प्रश्न विद्यार्थ्यांना आपापसांत वागवू देणे, मगच सहावा खंड उघडणे, हा प्रयोग अभ्यासक्रमाच्या चौकटीतही शक्य आहे. सहावा खंड पुरेसे उत्तर देतो की नाही, याचा निर्णय शिक्षकाने आधी सांगून टाकू नये. स्वतः दस्तयेवस्कीलाही त्याची खात्री नव्हती, आणि वर्गातील मतभेद ज्या जागी सुरू होतो, त्याच जागी कादंबरीचा खरा अभ्यासही सुरू होतो.